दीड एकर विकायच्या आधी

‘डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही निपाणी तालुक्यातले. माझे मिस्टर ३४ वर्षांचे, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मशीनवर असतात. चार वर्षांपूर्वी त्यांना संडासवाटे रक्त जायला लागलं. वर्षभर मूळव्याध म्हणून औषधं झाली, मग आव म्हणून झाली. शेवटी कोल्हापूरला दुर्बिणीची तपासणी केली तेव्हा डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मेसालामिनच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं की ते गोळ्या बंद करतात, वाढलं की मेडिकलमधून स्टेरॉइड आणून आठ-दहा दिवस खातात. आता दिवसातून पाच वेळा जावं लागतं, रक्त असतंच. हिमोग्लोबिन ८.६ आहे. कोगनोळी नाक्यावर गाडी अडकली तर घाम फुटतो, म्हणून सकाळी उपाशीच कामाला जातात. बेळगावच्या डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब नावाचं इंजेक्शन सुचवलंय, पण त्यानं टीबी होतो असं कुणीतरी सांगितल्यामुळं हे तयार नाहीत. माझ्या पुण्याच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवलाय, जपानमध्ये मशीनमधून रक्त गाळून हा आजार घालवतात म्हणे. आपल्याकडं डायलिसिसची मशीनं एवढी आहेत, तिथं हे होणार नाही का? बाहेर जावं लागलं तर दीड एकर विकायची आमची तयारी आहे. सासरे म्हणतात, विडी सोडली आणि हे सुरू झालं, परत ओढायला लाग. सासूबाईंनी ह्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला होईल का हो?’
– एक भगिनी, निपाणी तालुका

ताई,

जमिनीचा व्यवहार आधी थांबवा. विसार घेतला नसेल तर घेऊ नका. व्हिडिओतलं मशीन खोटं नाही, पण त्यासाठी दीड एकर जावं एवढं त्यात काही नाही. आणि तुमच्या मिस्टरांच्या उपचारात त्याच्या कितीतरी आधीच्या पायऱ्या अजून चढायच्याच राहिल्यात. दोन्ही गोष्टी नीट सांगते, म्हणजे भाच्यालाही उत्तर देता येईल.

हा आजार राहतो कुठं, ते आधी बघू. तो मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात राहतो. गुदद्वाराच्या लगतच्या भागापासून सुरू होतो आणि मधे कुठंही न सोडता सलग वर चढत जातो. तुमच्या मिस्टरांचा डाव्या बाजूपर्यंत चढलाय. शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच अस्तरावर उठते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट या दोन जाती रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून अस्तरात शिरतात आणि तिथं आग लावणारी रसायनं सोडतात. अस्तर सोलवटतं, व्रण पडतात, मग रक्त, शेंबडासारखा चिकट पदार्थ, आणि जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटणं. रक्त खराब झालंय, त्यात काही विष साठलंय, असं इथं काही नसतं. त्यामुळं रक्त ‘स्वच्छ’ करून आजार निघून जाईल, ही आशा सुरुवातीलाच बाजूला ठेवावी लागते.

मग जपानी लोक गाळतात काय? तर त्याच दोन जातींच्या पेशी. रक्त शरीराबाहेर काढायचं, त्यातल्या चवताळलेल्या पेशी थोड्या कमी करायच्या आणि बाकीचं सगळं रक्त परत द्यायचं, अशी कल्पना. वापरात असलेलं मुख्य साधन म्हणजे साधारण ३३५ मिलिलिटर आकारमानाची प्लास्टिकची नळकांडी, तिला कॉलम म्हणतात. आत सेल्युलोज ॲसिटेटचे दोन-दोन मिलिमीटरचे मणी ठासून भरलेले, एका कॉलममध्ये साधारण २२० ग्रॅम. नावाला गाळणी असली तरी भोकं लहान-मोठी करून पेशी अडवायचं काम ती करत नाही. मण्यांवरून रक्त गेलं की रक्तातलीच काही प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांचे तुकडे, मण्यांना चिकटतात. या प्रथिनांना धरायची आकडी ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट पेशींच्या अंगावर असते, म्हणून त्या मण्यांना बिलगून बसतात. लिम्फोसाइट नावाच्या तिसऱ्या जातीकडं ती आकडी बहुतेक नसतेच, त्या तशाच पुढं जातात. कॉलममधून जाणाऱ्या ग्रॅन्युलोसाइटपैकी साधारण ६५ टक्के, मोनोसाइटपैकी ५५ टक्के अडकतात, लिम्फोसाइट मात्र जेमतेम २ टक्के. म्हणून क्षय किंवा विषाणूंशी लढणारी मोठी फळी जवळपास शाबूत राहते. या उपचाराची खरी जमेची बाजू हीच.

प्रत्यक्षात होतं असं. पेशंटला खाटेवर झोपवतात. कोपराच्या खोबणीतल्या शिरेत एका हाताला सुई, तिथून रक्त बाहेर. दुसऱ्या हाताला दुसरी सुई, तिथून रक्त आत. आधी कॉलम आणि नळ्या सलाइननं धुऊन घेतात, रक्त गोठू नये म्हणून हेपारिनसारखं औषध चालू ठेवतात. पंप मिनिटाला ३० मिलिलिटर या संथ गतीनं चालतो, तासाभरात साधारण १.८ लिटर रक्त मण्यांवरून जाऊन परत येतं. तेवढा तासभर दोन्ही कोपरं वाकवता येत नाहीत, नाक खाजलं तर सिस्टरला सांगावं लागतं. उठल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, थकवा, क्वचित ताप, एवढंच बहुतेकांना होतं. बारीक शिरांच्या माणसाला मात्र दर वेळी दोन्ही हातांच्या शिरा शोधण्याचा वैताग. पूर्वी आठवड्याला एक अशी पाच सत्रं देत, पुढं आठवड्याला दोनदा आणि एकूण दहापर्यंतही द्यायला लागले.

तुमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, तेव्हा एक उदाहरण चालेल. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढतात, पण खाली चुलवाण पेटतंच असतं. हा कॉलम म्हणजे मळी काढणं. आपली अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज नव्या ग्रॅन्युलोसाइट पेशी रक्तात सोडते आणि त्या पेशी रक्तात राहतात जेमतेम काही तास ते दिवसभर. तासभर काढलेल्या पेशींची भर दिवस मावळायच्या आत पडते. तरी काहींना आराम पडतो, तो कसा? संशोधकांचं म्हणणं असं की नव्यानं आलेल्या पेशी कोवळ्या, कमी तापट असतात, आणि मण्यांना घासून परत गेलेलं रक्त आग शमवणारी काही प्रथिनं सोबत घेऊन जातं. हे प्रयोगशाळेत दिसलंय. पेशंटच्या पोटात तेवढंच घडतं का, हा वेगळा प्रश्न.

तुम्हाला खरं म्हणजे एवढंच हवंय की उपयोग होतो का. इथं जपान एक सांगतं आणि अमेरिका दुसरं. जपानमध्ये हे नव्वदच्या दशकात विकसित झालं आणि तिथल्या विम्यात बसलं, त्यामुळं तिथले डॉक्टर ते सर्रास देतात. २००९ मध्ये तिथल्या एका अभ्यासात १६३ पेशंट होते. आठवड्याला एकदा दिलं त्यांच्यातले ५४ टक्के आणि दोनदा दिलं त्यांच्यातले ७१ टक्के लक्षणमुक्त झाले. आकडा ऐकून भाचा हरखला असेल. पण त्या अभ्यासात सगळ्यांनाच कॉलम लावला होता, न लावलेला कुणी नव्हताच. अल्सरेटिव्ह कोलायटिस आपणहून चढतो आणि आपणहून उतरतोही. दर वेळी तासभर सिस्टर उशाशी, मोठं मशीन, दोन्ही हातांत सुया. माणसाला बरं वाटायला एवढं बऱ्याचदा पुरतं. म्हणून उत्तर अमेरिकेत डॉक्टरांनी वेगळं केलं. १६८ पेशंटपैकी काहींना खरा कॉलम दिला, काहींना तसंच खाटेवर झोपवून मशीन लावल्याचा देखावा केला, कुणाला काय मिळालं ते पेशंटला कळू दिलं नाही. २००८ मध्ये निकाल आला. खऱ्या कॉलमवाले १७ टक्के लक्षणमुक्त, देखाव्यावाले ११ टक्के. हा फरक एवढा लहान की तो निव्वळ योगायोगानं पडला नसेल, असं म्हणता येत नाही. क्रोन्स हा याच आजाराचा चुलतभाऊ. त्याच्यावर २०१३ मध्ये असाच अभ्यास छापून आला, त्यात तर देखावा आणि कॉलम यांत काहीच फरक दिसला नाही.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासाला जास्त वजन देते. जपानी डॉक्टर खोटं बोलतात असं मुळीच नाही. त्यांचे पेशंट वेगळे, आजार लवकर हातात आलेला, शिवाय सोबत इतर औषधं चालू. स्टेरॉइड सोडवत नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं झेपत नाहीत, वय झालंय किंवा अंगात एखादा जंतुसंसर्ग ठाण मांडून बसलाय, अशा मोजक्या लोकांना हा उपचार देऊन बघायला हरकत नाही, कारण त्यात इजा कमी. चौतीस वर्षांच्या, बाकी धडधाकट माणसानं, अजून हाताशी असलेली औषधं न वापरता थेट इथं उडी मारावी, असं मात्र काही नाही.

डायलिसिसबद्दल. बेळगाव, कोल्हापूर, हुबळीपर्यंत डायलिसिसची मशीनं आहेत, हे खरं, पण ते काम वेगळं. तिथं रक्तातली युरिया, क्रिएटिनिन, जादा क्षार आणि पाणी एका पातळ पडद्यातून पलीकडं काढतात. पेशी त्या पडद्यातून जाऊच शकत नाहीत. रक्ताचा वेग मिनिटाला २०० ते ३०० मिलिलिटर, चार-चार तास, आणि त्यासाठी हातात फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांचा जोड, करावा लागतो. तुमच्या मिस्टरांची किडनी चांगली असेल तर डायलिसिसनं त्यांच्या आतड्याला काडीचाही फायदा नाही. पेशी धरणारा कॉलम आपल्याकडं नेहमीच्या उपचारात रुळलेला नाही. उद्या कुणी ‘आमच्याकडं रक्तशुद्धीचं पॅकेज आहे, कोलायटिस मुळासकट जातो’ म्हणून सांगितलं, तर कॉलमचं नाव काय, तो कशाचा बनलाय, एका सत्राची पावती मिळेल का, एवढे तीन प्रश्न विचारा. बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला विषय बदलतात.

आणखी एक. हिमोग्लोबिन ८.६ असताना, वर रोज रक्त जात असताना हेपारिन चालू करून दोन शिरांतून रक्त फिरवायचं, हे कुठलाही डॉक्टर दहादा विचार करून करेल. आधी ते रक्त वाढवायला हवं. अशा अवस्थेत लोहाच्या गोळ्यांनी पोट आणखी बिघडतं आणि त्या अंगीही लागत नाहीत, शिरेतून लोह देतात. यावर तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

आता खरी दुखरी जागा. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड. ताई, या आजारात मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच, आणि तो तुमच्या मिस्टरांवर नाही; न विचारता पट्टी काढून देणाऱ्यावर आहे. स्टेरॉइड भडकलेला आजार खाली आणतं, खाली ठेवत नाही. आठ-दहा दिवस घेऊन सोडलं की आग अर्धवट विझते आणि पुन्हा धुमसते. असं वारंवार केलं की चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. जास्त दिवस घेऊन एकदम बंद केलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली, जिवावर बेततं. डॉक्टर देतात तेव्हा ठरावीक डोसवर सुरू करून काही आठवड्यांत पायरी-पायरीनं उतरवतात. आत्ता त्यांच्या पोटात गोळी चालू असेल तर आपल्या मनानं सोडू नका. डॉक्टरांना खरं सांगा, चार वर्षांत कितीदा घेतली त्याची यादी करा. पेशंट हे लपवतात, आणि मग डॉक्टरांना वाटतं मेसालामिन लागू पडत नाही.

मेसालामिन बरं वाटल्यावर बंद करायचं नसतं. ते बरं वाटत राहावं म्हणूनच असतं. शिवाय डाव्या बाजूच्या आजारात गोळीच्या जोडीला गुदद्वारातून द्यायचं मेसालामिनही मिळतं, एनिमा किंवा वडी, आणि तिथं ते गोळीपेक्षा जवळून पोहोचतं. डॉक्टर सांगतात, लोक घेत नाहीत. एकत्र कुटुंबात, एका खोलीत मुलगी झोपलेली, न्हाणीघर अंगणाच्या पलीकडं, अशा घरात पुरुष माणूस एनिमा घेणार कुठं? लाज वाटते, आणि ते मला समजतं. जमेल असा मार्ग असा: रात्री झोपायच्या वेळी, संडासला जाऊन आल्यावर, बाटली हाताच्या उबेनं कोमट करून घ्यायची, खाली जुनं प्लास्टिक आणि त्यावर चादर टाकायची, डाव्या कुशीवर पडून औषध सावकाश सोडायचं आणि तसंच अर्धा तास पडून राहायचं. पहिल्या दोन-तीन रात्री थोडं बाहेर येतं, मग आतडं धरायला शिकतं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, कमरेला शेक घेतात म्हणून सांगितलं तरी चालेल.

एवढं नीट होऊनही आग शमली नाही तर इंजेक्शन किंवा त्याच्या बरोबरीची गोळी. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात, पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढं दर आठ आठवड्यांनी. टीबीची भीती अगदी हवेतली नाही. अंगात दबून राहिलेला क्षय या औषधानं जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात दबलेला क्षय असणारे लोक अनेक आहेत. म्हणूनच आधी छातीचा एक्स-रे, त्वचेची किंवा रक्ताची टीबीची चाचणी, आणि कावीळ-बीसाठी रक्त तपासतात. दबलेला क्षय निघाला तर त्यावर काही आठवडे औषध देऊन मग इंजेक्शन सुरू करतात. बेळगावच्या डॉक्टरांनी या चाचण्या सांगितल्या असतील तर ते जबाबदारीनं वागतायत, घाबरवत नाहीत. दबलेला क्षय असलेल्यांना तुलनेनं सोयीची अशी वेडोलिझुमॅबसारखी औषधंही आहेत. याशिवाय तोंडानं घ्यायची टोफॅसिटिनिब ही वेगळी गोळी आहे. कुठलं बसतं ते तपासण्या बघून ठरतं. अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुचवली तर रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. आपल्या भागातल्या काही लोकांमध्ये त्यानं पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, आणि गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने जातात.

औषध बदलायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी केलीय का? हे प्रथिन त्याच ग्रॅन्युलोसाइट पेशींतून येतं, त्यामुळं आग किती आहे ते आतड्यात दुर्बीण न घालता कळतं. आणि जंतू तपासले का? कोलायटिसच्या पेशंटलाही अमीबा किंवा क्लोस्ट्रिडियमचा संसर्ग होतो, तेव्हा लक्षणं सारखीच दिसतात आणि स्टेरॉइड वाढवून उलटच होतं.

कंबर दुखली, अंग दुखलं की गावात ‘एक इंजेक्शन मारून घ्या’ म्हणतात. डायक्लोफिनॅकसारखी ती वेदनाशामकं आजार भडकवू शकतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरे. रक्त आणि ताप असताना जुलाब बांधायची गोळीही परस्पर देऊ नका.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि सोबत ताप, नाडी नव्वदच्या वर, पोट फुगून टणक, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात भरती. तिथं शिरेतून स्टेरॉइड देतात, तिसऱ्या दिवशी बघतात, गुण नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर शस्त्रक्रिया. तुमचे मिस्टर पाचवर आहेत, सहा फार लांब नाहीत. एका पायाची पोटरी सुजली तरीही लगेच दाखवा, या आजारात शिरेत गुठळी व्हायची शक्यता वाढते.

उपाशी कामाला जाण्यानं नाक्यावरची धास्ती कमी होते, आजार कमी होत नाही, आणि ८.६ हिमोग्लोबिनच्या माणसाला उपाशी मशीनवर उभं राहणं धोक्याचं. भडका असताना मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, पिकलं केळं, दही चालत असेल तर दही. दूध काहींना पचत नाही, बघून ठरवा. भडका उतरला की भाकरी, भाजी, मटणसुद्धा परत आणा. ‘हे खाल्लं म्हणून झालं’ असा आजार हा नाही. बसमध्ये पुढच्या दाराजवळची जागा आणि पिशवीत एक जोड कपडे, एवढ्यानं सुद्धा अर्धी भीती जाते, असं माझे बरेच पेशंट सांगतात.

पैशाचं. मिस्टरांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात आहे का, ते आधी बघा. असेल तर तुमचं बरंच ओझं तिथंच हलकं होईल, आणि जमीन विकायच्या गप्पा करणाऱ्या घरात ही चिठ्ठी कुणी वाचलेलीच नसते, हे मी खूपदा पाहिलंय. नसेल तर बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. त्यासाठी बहुतेक वेळा सरकारी दवाखान्यातून पुढं पाठवल्याची चिठ्ठी लागते, तेव्हा आधी तिथूनच सुरुवात करा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तुमचं गाव त्या यादीत आहे का ते विचारा. कोल्हापूरला दाखवायचं असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटून, हा आजार आणि हे इंजेक्शन पॅकेजमध्ये बसतं का, हे भरती व्हायच्या आधी विचारून घ्या. दोन्ही राज्यांच्या रांगेत उभं राहायला लागतं, पण आपल्याला ते नवीन नाही.

सासऱ्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. विडी-सिगारेट सोडल्यानंतर हा आजार उपटतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, का ते अजून नीट उलगडलेलं नाही. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात तर ते कुणाच्याही नजरेला यावं. तरी विडी परत सुरू करायची नाही. हृदय, फुफ्फुस आणि कॅन्सर हा हिशेब कोलायटिसपेक्षा कितीतरी मोठा, आणि ओढल्यानं आजार ताब्यात राहीलच असंही नाही.

ताट-वाटी वेगळं ठेवायचं काहीच कारण नाही. हा आजार उष्ट्यानं, हातानं, एका संडासानं कुणाला लागत नाही. सासूबाईंशी भांडू नका. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा.

मुलीचं विचारलंत. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा थोडा वाढतो, पण अशा बहुतेक मुलांना हा आजार कधीच होत नाही. आत्ता तिच्या कुठल्याही तपासण्या करायच्या नाहीत. पुढं कधी तिच्या शौचात रक्त दिसलं, किंवा काही कारण नसताना वजन वाढायचं थांबलं, तर मूळव्याध समजून वर्ष घालवू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मिस्टरांची पहिली लक्षणं सुरू झाल्याला आठ वर्षं झाली की त्यांची दुर्बिणीची तपासणी पुन्हा करायची असते. तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा.